झाडूगाडीच्या पुढे

डेपोत तिला घड्याळबाई म्हणतात. मागे नाही, तोंडावर. आणि ती ओ देते.

हे नाव तिला कुणी लाडाने दिलेलं नाही. कारखान्याच्या पहिल्या पाळीची माणसं आणायला तिची मिनीबस जाते. ठरलेल्या थांब्यावर ठरलेल्या वेळी दार उघडतं आणि ठरलेल्या वेळी बंद होतं. मधे कुणी एका पायात बूट घालून, दोन्ही हात हलवत पळत येत असलं तरी बंद होतं. एकदा खुद्द सुपरवायझर असा मागे राहिला. दुसऱ्या दिवशी तो तणतणतच चढला.

"बाई, काल मी तुम्हाला आरशात दिसलो नाही?"

"दिसलात की."

"मग?"

"मग काय साहेब, आत बसलेली सगळी वेळेवर आली होती. त्यांनाही तुम्ही दिसत होतात."

मागच्या बाकावरून कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. सुपरवायझर त्या दिवसापासून थांब्यावर सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहतो.

डेपोत ती आली तेव्हा ड्रायव्हर नव्हती. गाड्या धुवायला आली होती. पाण्याचा पाइप, साबणाची बादली आणि गुडघ्यापर्यंत रबरी बूट. धुतलेली गाडी बाजूला घ्यायची तर ड्रायव्हर लागायचा, आणि ड्रायव्हर नेमका चहाला गेलेला असायचा. वाट बघून बघून एक दिवस ती स्वतःच स्टिअरिंगवर बसली. गाडी आचके देत निघाली आणि खांबाच्या वीतभर अलीकडे थांबली. पुढे पुढे आवारातल्या सगळ्या गाड्या तीच मागेपुढे करू लागली, मग परवाना काढला, मग एक ड्रायव्हर नोकरी सोडून गेला. पहिल्या दिवशी बाकीचे रांगेने बघायला उभे होते. त्यातला एक म्हणाला, "बाई, आरसा मागचं बघायला असतो बरं का, केस बघायला नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "तुमचा मी रोज पुसते, म्हणून तर तुम्हाला मागचं दिसतं."

तिची लेक सायकलवर आली तीही तिच्या या शिस्तीपायीच. लेकीची शाळा बसच्याच रस्त्यावर होती. माणसांना उतरवून परत फिरताना बस रिकामी असायची, शाळेच्या फाटकावरून जायची. पण लेकीला तिने एक दिवस त्यात बसवलं नाही.

"कारखान्याची गाडी आहे," ती म्हणायची. "घरची नाही."

"अगं रिकामी तर जाते," नवरा शिवणाच्या मशीनवरून म्हणायचा. तो घरीच कपडे दुरुस्त करून द्यायचा, आणि मायलेकींच्या भांडणात त्याचं मशीन नेहमी मधेच थांबायचं. "रिकाम्या खुर्चीला काय पोर जड होणार आहे?"

"रिकामी म्हणजे फुकट नव्हे."

म्हणून एक जुनी सायकल आली. आणि सायकलीबरोबर आईची शिकवणी. जेवणाच्या टेबलावर बशी म्हणजे ट्रक, वाटी म्हणजे बस, आणि मिठाची डबी म्हणजे लेक. डबी वाटीच्या मागे सरकवून आई विचारायची, "इथे बरोबर आहे?"

"नाही."

"का नाही?"

"कारण पुढच्या गाडीचं चाक रस्त्याला टेकतं ती जागा मला दिसत नाहीये."

"दिसत नसेल तर?"

"तर मी फार जवळ आहे." लेक तोंडातला घास इकडून तिकडे करत म्हणायची. "त्याने ब्रेक मारला तर मी त्याच्या मांडीवर. आई, मीठ दे आता."

डबी परत जागेवर जायची. पण धडा लेकीच्या अंगात भिनला तो भिनलाच. गल्लीतली पोरं एकमेकांच्या मडगार्डला चाक घासत शाळेत जायची, तेव्हा ही एकटी मागे, सावकाश, मधे रिकामा रस्ता सोडून.

शाळेच्या वाटेवर एक लांबलचक चढ होता. एका सकाळी तिथे सायकल क्लबच्या मुली सराव करत होत्या. चकचकीत सायकली, पातळ चाकं. लेक त्यांच्या बाजूने गेली आणि पुढे निघून गेली. पाठीवर दप्तर, पायात शाळेचे बूट. वर पोचल्यावर त्यांना शिकवणाऱ्या क्लबच्या ताईने तिला गाठलं.

"दप्तरात काय आहे गं?"

"पुस्तकं. आणि आज प्रयोगाची वही."

"रविवारी दप्तर घरी ठेवून ये."

सराव झाला तो दोनचार रविवारचा, तोही चढावरचा. मग परीक्षा आल्या. परीक्षा संपतात तोच मुलींची शर्यत ठरली आणि ताई म्हणाली, "नाव देते तुझं. पहिली ये असं म्हणत नाही मी. शेवटपर्यंत ये. सायकलवर बसून रेघ ओलांडलीस तर पुढच्या रविवारपासून तू आमच्या संघात. मधे उतरलीस तर पुढच्या वर्षी बघू. एवढंच लक्षात ठेव, घोळका सोडायचा नाही."

लेक घरी आली ती दारातूनच बोलत आली. नवऱ्याने क्लबची जुनी निळी जर्सी मापात आणायला घेतली. आईने जर्सी उलटसुलट करून पाहिली, शिवण ओढून पाहिली आणि म्हणाली, "त्या दिवशी माझी रविवारची ड्युटी आहे."

"कुठे?"

"तुमच्याच शर्यतीत. आयोजकांनी बस घेतली आहे. सगळ्यात मागे चालवायची. दमलेल्या पोरींना उचलायचं, सायकली मागे टाकायच्या."

मशीन थांबलं.

"झाडूगाडी," लेक हळूच म्हणाली. "आई, तू झाडूगाडी चालवणार?"

"मिनीबस चालवणार. नावं तुम्ही ठेवा."

"मी नाही हं बसणार तुझ्या गाडीत."

"मी कुठे बोलावलंय?"

"अगं," नवरा म्हणाला, "पोर दमली तर तुझ्या डोळ्यांसमोर दमेल. जरा बघून घेशील की नाही?"

"बघेन की," ती म्हणाली. "समोरची काच कशासाठी असते?"

पण त्या रात्री भांडी आवरताना तिच्या मनात एकच चित्र येत राहिलं. दार उघडणारं बटण आपण दाबतोय आणि खालून लेक वर बघतेय. आजवर तिने ते बटण किती वेळा दाबलं असेल याचा हिशोब नाही. हे एकदा दाबायला लागू नये.

शर्यतीच्या सकाळी आयोजकांच्या माणसाने बसच्या मागे खरोखरचा झाडू आणून बांधला. लांब दांड्याचा, नवा कोरा. तशी रीतच आहे म्हणे.

"नीट बांधा," घड्याळबाई म्हणाली. "लोंबता नको. मागच्याच्या काचेवर जाईल."

"मागे कुणी नसतंच, बाई. तुम्हीच शेवटच्या."

शेजारच्या सीटवर पंच येऊन बसले. निवृत्त व्यायामशिक्षक, गळ्यात शिट्टी, गालात पेपरमिंटची गोळी. त्यांनी तिला काम समजावून सांगितलं. रस्ता दुपारपर्यंतच बंद ठेवायची परवानगी आहे, तेव्हा बसचा वेग ठरलेला. सपाटीला एक आकडा, चढाला एक. कमी नाही, जास्त नाही. बस ज्या पोरीच्या बरोबरीला येईल तिची शर्यत तिथे संपली. शिट्टी वाजणार, दार उघडणार.

"आणि खेळाडूंशी बोलायचं नाही," पंच म्हणाले. "पाणी नाही, सल्ला नाही, शाब्बास नाही. दार उघडल्यावर काय ते बोला."

"गाडी चालवताना मी बोलत नाही."

"वा. मग जमलं आपलं."

घड्याळबाईने पट्टा लावला. निळ्या जर्सीतली ती पाठमोरी पोरगी कोण, हे सांगायची गरज तिला वाटली नाही. आकडा सगळ्यांना सारखाच होता.

सुरुवातीला घोळका सगळा समोरच होता. रंगीत पाठी, खाली घातलेल्या माना, आणि पन्नास चाकांचा एक मिळून येणारा सूं असा आवाज. वारा समोरून होता. रस्त्याकडेची झाडं सगळी बसकडे वाकली होती. घोळका मात्र एका अंगाचा असल्यासारखा सरकत होता, इतका दाटीचा की कुणाचं चाक कुठलं ते कळू नये. आणि त्याच्या मागे, मधे चांगली मोकळी जागा सोडून, एक निळी पाठ.

पंच पुढे वाकले. "ती निळी बघा. पाय कसे चालतात बघा. जोर आहे पोरीत. आणि चालवते कशी? वेड्यासारखी."

"काय चुकलं तिचं?"

"अहो चाक पकडत नाही ती. पुढचीच्या चाकाला आपलं चाक चिकटवायचं. अगदी हातभर, त्याहून कमी. म्हणजे वारा पुढची खाते आणि मागचीला आडोसा मिळतो. मागची आरामात जाते. त्या बघा, घोळक्यातल्या कशा पाय सैल सोडून चालल्यात. आणि ही त्याच वेगाने, पण एकटी वाऱ्यात. मधे एवढी जागा सोडलीय."

"अंतर ठेवतेय ती," घड्याळबाई म्हणाली.

"अंतर ठेवायला ती काय ट्रक आहे?"

घड्याळबाई स्टिअरिंगवर किंचित पुढे झुकली. समोरच्या काचेतून तिला ते स्वच्छ दिसत होतं. घोळक्यातल्या शेवटच्या मुलीचं मागचं चाक, ते रस्त्याला टेकतं ती जागा, आणि लेकीची त्या जागेवर खिळलेली मान. मिठाची डबी. बरोबर जागेवर. एवढ्या पोरींत फक्त तिची लेक नियमाने चालवत होती, आणि तोच नियम तिचा जीव काढत होता.

"तिला कुणी सांगितलं नाही का हे?" पंच म्हणाले.

"सांगितलं असेल घोळका सोडू नको म्हणून."

"हो, पण घोळका सोडू नको म्हणजे घोळक्यात शिर. मागून बघत बस असं नव्हे. आणि बरोबर आहे, भीती वाटते पहिल्यांदा. कुणीतरी घातलेली असणार भीती."

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे बरंच होतं. तिने आरशात पाहिलं. मागे खरंच कुणी नव्हतं.

पहिल्या चढाला घोळका ताणला गेला. चढ लेकीच्या हक्काचा, तिथे ती भराभर वर गेली, दोघींना मागे टाकलं. पण वर पोचताच पुन्हा सपाटी आली, पुन्हा वारा, आणि पुन्हा तिने आपणहून ती जागा सोडली. घोळक्याने वेग घेतला. निळी पाठ आधी घोळक्यापासून सुटली, मग एकटी पडली. वळणानंतर घोळका दिसेनासा झाला आणि तिच्या पुढे नुसता रस्ता राहिला.

बसने पहिली मुलगी उचलली ती चष्मेवाली, चढाला लेकीच्या मागे पडलेली. शिट्टी वाजली, दार उघडलं. ती वर आली ती सरळ पायरीवरच बसली.

"संपली ना?" तिने विचारलं. "मला वाटलं संपतच नाही. काकू, पाणी आहे?"

"मागे जाळीत. आधी आत ये, दार लावायचंय."

थोड्या वेळाने वेणीवाली आली, पायात गोळा आलेली. चष्मेवालीने सरकून तिला जागा दिली. दोघींना एकमेकींची नावंही माहीत नव्हती, पण पाच मिनिटांत दोघी जन्माच्या मैत्रिणी असल्यासारख्या केळी सोलत होत्या.

"ती पुढची निळी पण येणार बघ आता," वेणीवाली म्हणाली. "डोलायला लागलीय."

"येऊ दे. खिडकीची जागा तिला. मी मधे बसते."

घड्याळबाईने काट्याकडे पाहिलं. काटा ठरलेल्या आकड्यावर होता, हलत नव्हता. समोर निळी पाठ मात्र मोठी होत चालली होती. जर्सीची शिवण दिसायला लागली. नवऱ्याने काखेत घेतलेली चुणी दिसायला लागली. लेकीचे खांदे डावीउजवीकडे हलत होते, आणि चढावर ताठ असणारी मान आता लटकत होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

"काकू, थोडं हळू," चष्मेवाली अचानक म्हणाली. मघाशी खिडकीची जागा देऊ करणारी हीच. "म्हणजे आमचं ठीक आहे. पण ती बिचारी अजून चालवतेय."

"सर, तुम्ही सांगा ना," वेणीवाली म्हणाली. "किती थोडं राहिलंय."

पंचांनी पेपरमिंट या गालातून त्या गालात नेलं. शिट्टी हातात घेतली, सोडली. मग ड्रायव्हरच्या बाजूला झुकून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, जरासं सैल सोडलंत तरी चालेल. मी काही बघितलं नाही."

"मी बघितलं ना."

"अहो, पोरगी रडकुंडीला आलीय. पहिली शर्यत आहे तिची, दिसतंच आहे. एवढं काय मोडतंय?"

"या दोघींना उचललं तेव्हाही पोरीच होत्या त्या," घड्याळबाई म्हणाली. डोळे समोरच होते. "यांच्यासाठी आकडा होता आणि तिच्यासाठी नाही, असं मला जमणार नाही."

"तुम्ही फार कडक आहात हो."

"ती माझी आहे."

"कोण?"

"ती निळी. माझी मुलगी आहे."

मागे केळ्याचं साल कुणाच्या तरी हातातून पडलं. पंचांनी तिच्याकडे पाहिलं, मग काचेतून बाहेर, मग परत तिच्याकडे.

"मग तर..." ते म्हणाले.

"मग तर नाहीच," ती म्हणाली.

इंजिनाचा एकसुरी आवाज तेवढा राहिला. घड्याळबाईचा उजवा पाय अॅक्सिलेटरवर होता आणि तो पाय अख्ख्या शरीराने वर ओढला जातोय असं तिला वाटत होतं. एवढासा उचलायचा. कागदाच्या जाडीएवढा. काट्यालाही कळणार नाही. ही लेक झाली तेव्हा दवाखान्यातून घरी आणताना शेजाऱ्याची गाडी तिने याच पायाने इतकी हळू चालवली होती की मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून डोकं उठवलं होतं. तिने पाय होता तिथेच ठेवला.

पुढे रस्त्याच्या कडेला एक उंच मुलगी गुडघ्यावर बसली होती. पंक्चर. नवी ट्यूब बसवून ती चाक जागेवर लावत होती, दात ओठांवर आणि हात काळे. लेक तिच्यासमोरून गेली. बस पोचणार तेवढ्यात उंच मुलगी उडी मारून सायकलवर बसली, शिट्टी पंचांच्या ओठांपर्यंत गेलेली तशीच राहिली, आणि ती बसच्या बंपरपासून निसटून पुढे गेली. ताजी होती ती, बसून दम खाल्लेली. बघता बघता लेकीला गाठलं, पुढे गेली, आणि मागे वळून ओरडली. काच खाली होती, बसमध्ये शब्दन् शब्द ऐकू आला.

"ये, माझ्या मागे ये."

लेक तिच्या मागे गेली. आणि मधे जागा सोडली.

"अरे देवा," पंच कपाळाला हात लावून म्हणाले.

"एवढ्या लांब काय करतेस?" उंच मुलगी ओरडली. "चिकट ना."

"ब्रेक मारलास तर?" लेकीचा आवाज फाटलेला होता.

"नाही मारणार."

"अचानक काही आलं तर?"

"तर हात करीन. आणि पडलो तर दोघी पडू. आता बोलू नकोस, ये."

घड्याळबाईच्या तोंडात शब्द आले होते. जा, असा एकच शब्द. जा, मी सांगते ते विसर, जवळ जा. पण खेळाडूशी बोलायचं नाही हे तिने कबूल केलं होतं. तिने दात आवळले आणि बघत राहिली.

लेकीचं चाक थोडं पुढे सरकलं. मग थबकलं. मग पुन्हा सरकलं. मधला रस्ता कमी झाला, सायकलभराचा झाला, हाताएवढा झाला. पुढचीचं चाक रस्त्याला टेकतं ती जागा आता लेकीला दिसणं शक्यच नव्हतं. घड्याळबाईचा डावा पाय आपोआप फळीवर दाबला गेला, ब्रेक नसलेल्या जागी. तिच्या अंगातला इतक्या वर्षांचा ड्रायव्हर ओरडत होता, फार जवळ, फार जवळ. आणि लेकीची मान वर आली.

मान वर आली, खांदे शांत झाले. दोन सायकली एकच असल्यासारख्या दिसू लागल्या. थोडं गेल्यावर उंच मुलीने कोपर झटकलं आणि बाजूला झाली. लेक गोंधळली.

"तिला काय म्हणायचंय?" घड्याळबाईने विचारलं. एवढ्या वेळात तिने पहिल्यांदा काही विचारलं होतं.

"आता तुझी पाळी, असं," पंच म्हणाले. "तू वारा खा, मी आडोशाला येते."

लेकीला ते कळलं असावं, कारण ती पुढे झाली, उंच मुलगी मागे सरकली. मग पुन्हा कोपर, पुन्हा बदल. तिसऱ्या वेळेला लेकीनेही कोपर झटकलं, असं झोकात की जणू जन्मभर हेच करत आलीय. चष्मेवाली मागे टाळ्या पिटायला लागली.

"आत चालेल ना, सर, टाळ्या?"

"आतलं आत असू दे," पंच म्हणाले. त्यांनी पेपरमिंट चावून टाकलं होतं.

काटा तसाच होता. बस तीच, वेग तोच. पण समोरची निळी पाठ आता लहान होत होती. जर्सीची चुणी दिसेनाशी झाली, मग शिवण, मग रंग तेवढा उरला. शेवटच्या चढाला तर दोघी अशा चढल्या की वळणापलीकडे गेल्या आणि दिसेनाशाच झाल्या. घड्याळबाईला वाटलं, आता एकदा पाय जोरात दाबावा आणि बघून यावं कुठवर पोचल्यात. तेही तिने केलं नाही. ठरलेल्या आकड्याने चढ चढली, ठरलेल्या आकड्याने उतरली. त्या उतारावर तिने पोरींना गाठलं असतं तर दार उघडावंच लागलं असतं, आणि तिने ते उघडलं असतं.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा समोर रेघेपर्यंतचा सरळ रस्ता दिसला. दोन्ही बाजूंना माणसं, रेघेवर कापडी कमान, आणि मधे रस्ता. रस्त्यावर कुणी नव्हतं. पार रेघेपर्यंत रिकामा.

रोज पहाटे ती रिकामे रस्ते बघते. इतका सुंदर रिकामा रस्ता तिने कधी पाहिला नव्हता.

पंचांनी शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली. "बाई," ते म्हणाले, "मी खूप पोरी शिकवल्या. आया पण खूप बघितल्या." त्यांनी पेपरमिंटची पुडी पुढे केली. "गोळी घ्या," ते म्हणाले.

तिने घेतली.

रेघेच्या पलीकडे लेक फुटपाथवर पाय पसरून बसली होती. बाप शेजारी टॉवेल घेऊन उकिडवा, आणि तो टॉवेलने तिचा घाम पुसायचा सोडून स्वतःचे डोळे पुसत होता. उंच मुलगी सायकलला टेकून पाणी पीत होती. क्लबची ताई लेकीला म्हणत होती, "रविवारी सहाला. आणि पहिलं काय शिकवणार आहे माहीत आहे ना?"

"चाक पकडायला."

"ते आलं तुला. सोडायला शिकवणार आहे. त्या पोरीचं मागचं चाक खाऊन टाकलंस जवळजवळ."

घड्याळबाईने दोघींना खाली उतरवलं, सायकली काढून दिल्या, मग दार लावलं, मगच स्वतः उतरली.

"ही माझी आई," लेक उंच मुलीला म्हणाली.

"कोण? झाडूगाडीवाल्या काकू?" उंच मुलगी दचकली. "काकू, मला वाटलं तुम्ही आता अंगावर घालताय."

"घातली नसती. बाजूने आले असते आणि दार उघडलं असतं."

"त्याचीच जास्त भीती वाटली."

लेक हसली. हसताना तिला खोकला आला. मग ती आईकडे बघत म्हणाली, "मी मागे बघितलंच नाही. आवाज ऐकत होते नुसता. रोज पहाटे तुझी बस आपल्या गल्लीच्या तोंडाशी थांब्याला वेग कमी करते ना, तो आवाज मला झोपेतही कळतो. आज तो आला असता तर मी उतरले असते. म्हटलं असतं, आईलाच वाटतंय मला जमणार नाही."

घड्याळबाईने मागे उतरून उभ्या राहिलेल्या पंचांकडे एकदा बघितलं. ते दुसरीकडे बघू लागले.

"नाही आला," लेक म्हणाली.

"नाहीच येणार," आई म्हणाली. "ऊठ आता, थंड जमिनीवर बसू नकोस. आणि जेवणाच्या टेबलावर मी जे काही सांगितलं ते रस्त्यावर खरं आहे. शर्यतीत नाही. दोन्ही वेगवेगळं लक्षात ठेव."

"म्हणजे तू चुकलीस असं म्हणतेयस?"

"मी म्हणतेय, दोन्ही लक्षात ठेव."

संध्याकाळी बस डेपोत लावताना फाटकावरच्या वॉचमनने तिला अडवलं. बातमी तिच्या आधी पोचली होती, पण अर्धीच.

"काय घड्याळबाई, पोरगी होती म्हणे शर्यतीत. कितवी आली?"

तिने हँडब्रेक ओढला. लेक शेवटून दुसरी आली होती. उंच मुलगी रेघेवर मागे राहिली आणि हसून म्हणाली होती, जा तू, पहिली शर्यत तुझी. हे सगळं सांगता आलं असतं.

"माझ्या पुढे," ती म्हणाली.